तेल निघतं कुठून, परत जातं कुठे

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या माझ्या गॅरेजच्या पत्त्यावर या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच गोष्टीबद्दल आहेत. जुन्या इंजिनाला ऑइल फिल्टर कसा जोडायचा आणि तेलाचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजची लाइन इंजिनावर कुठून घ्यायची? म्हणून या वेळी ब्रेक, क्लच, कार्बोरेटर सगळं बाजूला ठेवतो आणि तेलाबद्दलच बोलतो.

प्रश्न : वडिलांची जुनी महिंद्रा जीप आहे, सीजे-३बी. मूळचं पेट्रोल इंजिन अजून तेच आहे. फिल्टर फार पूर्वीच कुणीतरी काढून टाकला होता आणि त्याच्या जागी प्लग मारले होते. गेल्या महिन्यात आमच्या मिस्त्रींनी लेथवर एक बेस करून घेतला आणि आजकालच्या गाड्यांना असतो तसा हातानं फिरवून बसवायचा फिल्टर त्यावर चढवला. गेजही नवं बसवलं. फिल्टर नव्हता तेव्हा गरम इंजिनावर आयडलिंगला १२ पौंड (दर चौरस इंचाला) आणि रस्त्यावर ३५ पौंड प्रेशर असायचं. आता आयडलिंगला काटा शून्यावर येतो आणि रस्त्यावर १५ च्या वर चढत नाही. मिस्त्री म्हणतात बेअरिंग गेली, इंजिन खोलावं लागेल. काय करू? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : इंजिन अजिबात खोलू नका. फिल्टर बसवला त्या दिवशी काटा पडला, तर आधी फिल्टरकडे बघायचं. बेअरिंग अशी एका दुपारीत झिजत नाहीत, आणि झिजली तर आवाजानं सांगतात.

तुमच्या जीपचं इंजिन १३४ घनइंचांचं, म्हणजे २.२ लिटरचं विलीज हरिकेन. इनटेकचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला सीजे-३बीचं बॉनेटही उंच करावं लागलं. या इंजिनाचा फिल्टर बायपास पद्धतीचा असतो. आजच्या गाडीत पंपातून निघालेलं सगळं तेल आधी फिल्टरमधून जातं आणि मग बेअरिंगला पोचतं. जीपमध्ये तसं नाही. पंप तेल थेट ब्लॉकमधल्या गॅलरीत, म्हणजे तेलाच्या मुख्य वाटेत, ढकलतो, तिथून ते बेअरिंगला जातं. फिल्टरकडे जाते ती गॅलरीतून काढलेली एक बारीक फांदी. त्या फांदीतून एका वेळी थोडंसंच तेल जातं, साधारण दहावा हिस्सा धरा. ते गाळून निघतं आणि बिनप्रेशरचं होऊन परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात, पडतं. फिरून फिरून सगळ्या तेलाची पाळी येते.

गंगापूर धरणाच्या पाटावर ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. पाटातून आपण चारी काढतो, पण चारीच्या तोंडाला दार असतं. दार ठरलेलं तेवढंच उघडायचं. दारच नसेल तर पाटाचं सगळं पाणी चारीत घुसेल आणि शेवटच्या वावराला थेंब मिळणार नाही. बायपास फिल्टरमध्ये ते दार म्हणजे एक बारीक भोक. साधारण अर्ध्या सुताचं, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, काहींत त्याहूनही लहान. जीपच्या मूळच्या डब्यासारख्या फिल्टरमध्ये ते मधल्या उभ्या नळीला असतं. आजकालच्या फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये असं भोक नसतं, कारण त्याला सगळं तेल सोडायचं असतं. तुमच्या मिस्त्रींनी दार नसलेली चारी काढली आहे. पंप ढकलतोय ते तेल सोपी वाट धरून फिल्टरमधून सरळ चेंबरमध्ये पडतंय. शेवटचं वावर म्हणजे तुमची कनेक्टिंग रॉडची बेअरिंग.

खात्री करून घ्यायला दहा रुपयांचा प्लग पुरे. ब्लॉकमधून फिल्टरकडे जाणारी लाइन काढा आणि तिथे प्लग मारा. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा आणि काटा बघा. परत १२ आणि ३५ दिसले तर पंप, बेअरिंग, रिलीफ व्हॉल्व्ह सगळं शाबूत आहे. या इंजिनाला गरम असताना ताशी ३५ मैलांना ३५ पौंडांच्या जवळपास प्रेशर असतं, तेव्हा तुमचे आधीचे आकडे उत्तम होते. ही खात्री होईपर्यंत मात्र गाडी रस्त्यावर काढू नका. शून्यावर काटा असताना चालवलेला प्रत्येक किलोमीटर बेअरिंगमधून वसूल होतो.

आता दुरुस्ती. माझी पहिली पसंती जुन्या पद्धतीचा डब्याचा फिल्टर शोधण्याला. भद्रकालीत आणि जुन्या स्पेअरवाल्यांकडे अजून निघतात. मिळाला तर झाकण उघडून काडतूस, म्हणजे आतलं गाळणं, बाहेर काढा, मधली नळी केरोसीननं धुवा आणि उजेडासमोर धरून भोक दिसतंय का ते बघा. ते गाळानं बुजलेलं असतं, म्हणून कधी कधी कुणीतरी ड्रिल घालून मोठं केलेलं सापडतं. तसं असेल तर तो डबा तुमच्या आत्ताच्या फिल्टरहून वेगळा राहिला नाही. झाकणाचं गॅस्केट मात्र नवंच घाला.

आहे तोच फिल्टर ठेवायचा असेल तर ब्लॉककडच्या टोकाला पितळी निपल घ्या, त्याचं भोक ब्रेझिंगनं बुजवा आणि मधोमध दीड मिलिमीटरचं ड्रिल मारा. दार ब्लॉककडे ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. उद्या होज फुटला तर तेल धारेनं निघेल, लोंढ्यानं नाही, आणि तुम्हाला गाडी थांबवायला वेळ मिळेल. तोटाही सांगतो. न गाळलेल्या तेलातला कचरा त्या भोकात अडकू शकतो. मग फिल्टर गुपचूप बंद पडतो आणि गेजवर काहीच दिसत नाही. त्यावर उपाय हाताचा. वीस मिनिटं गाडी चालवून आलात की फिल्टरला हात लावा. तो चांगला तापलेला हवा. इंजिन भाजतंय आणि फिल्टर गार आहे, तर त्यातून तेल फिरत नाही हे पक्कं समजा.

फिल्टर गार राहण्याचं दुसरं कारण माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांत सापडलं आहे. परतीची लाइन चुकीच्या जागी जोडलेली असते. ब्लॉकवर गॅलरीचे प्लग दोन-तीन ठिकाणी दिसतात, जोडणाऱ्यानं एकातून तेल घेतलं आणि दुसऱ्यात सोडलं. दोन्हीकडे सारखंच प्रेशर, मग तेल वाहणार कशाला? परतीच्या तेलाला प्रेशर नसलेली जागा लागते आणि ती चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर असावी लागते. जीपच्या इंजिनात पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये ती सोय आहे. तिथे सोडलेलं तेल टायमिंगच्या गिअरवरून ओघळत खाली चेंबरमध्ये जातं. परतीची लाइन आतून मोकळी ठेवा आणि तिला मधेच वर-खाली वाकवू नका.

डब्यावरची आत आणि बाहेरची भोकंही उलटी करू नका. बहुतेक डब्यांत तेल बाजूनं आत येतं, काडतुसाच्या बाहेरून आतल्या बाजूला गाळलं जातं आणि मधल्या नळीतून तळानं बाहेर पडतं. उलटं जोडलं तर इतके दिवस बाहेर अडवलेला गाळ उलट्या धारेनं सुटून चेंबरमध्ये जातो. झाकणावर किंवा तळावर बाण, अक्षरं असतात. रंगाखाली दडलेली असतील तर खरवडून वाचा.

गेजचं ठिकाण राहिलं. गेजची लाइन नेहमी गॅलरीतून घ्या, फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनवरून कधीही नाही. फिल्टर आणि गेज एकाच टीवर, म्हणजे तीन तोंडांच्या जोडावर, असतील तर चालतं, मूळची बरीच इंजिनं तशीच यायची. पण ब्लॉकवर दुसरी जागा मोकळी असेल तर गेज तिथे वेगळं द्या. एका टीवर दोन्ही असले आणि फिल्टरनं जास्त तेल ओढलं, तर टीच्या अरुंद मानेत प्रेशर पडतं आणि काटा गॅलरीतल्या खऱ्या प्रेशरपेक्षा कमी दाखवतो. वेगळं गेज असलं की जे बेअरिंगला मिळतंय तेच तुम्हाला दिसतं.

आणखी एक. फिल्टरसह या इंजिनाला साधारण एक लिटर तेल जास्त लागतं. पहिल्यांदा इंजिन चालू करून बंद केलंत की पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा आणि कमी झालेलं तेल भरा. फिल्टरच्या पोटात गेलेलं तेल लोक विसरतात.

तुमच्या मिस्त्रींवर रागवू नका. आज गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलाच्या समोर बायपास फिल्टर आयुष्यात कधी आलेलाच नसतो. त्यांना हे पान वाचायला द्या आणि काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : माझ्या जुन्या विलीज जीपच्या गेजची तांब्याची नळी वर्षभरात दोनदा तुटली, दोन्ही वेळा ब्लॉकजवळच्या नटाखाली. नळी चांगल्या जाडीची आहे. तांबं सोडून प्लास्टिकची नळी घालू का? (निफाडचे एक द्राक्ष बागायतदार)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी टेबलाचा खण उघडला. त्यात वीतभर तांब्याची नळी आहे, १९८६ सालापासून जपलेली.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाची जीप मी स्वतः मुंबईला पोचवत होतो. गेजची लाइन मीच केली होती. ब्लॉकपासून डॅशपर्यंत नळी ओळंब्यासारखी सरळ, पॉलिश करून चकचकीत. गिऱ्हाईक बघून खूश झालं होतं. इगतपुरी सोडून कसारा घाटात उतरायला लागलो, दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर काटा ४० वरून ढासळायला लागला. पायाला काहीतरी कोमट लागलं. खाली बघितलं तर चप्पल तेलात. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं तोवर मला वाटतं मिनिटभरही गेलं नसेल, पण डिपस्टिकच्या टोकाला जेमतेम तेल राहिलं होतं. गेजच्या लाइनमध्ये तेल वाहत नाही, ते नुसतं उभं असतं. पण ती तुटली की मागे गॅलरीचं पूर्ण प्रेशर असतं आणि पंप इमानदारीनं सगळं चेंबर बाहेर ओततो. नळीचं ब्लॉककडचं टोक दुमडून दगडावर ठेचलं, पुन्हा दुमडून ठेचलं, डब्यातलं तेल भरलं आणि हळूहळू नाशिकला परतलो. गिऱ्हाइकाला खरं सांगितलं. त्यांनी गाडी पुन्हा माझ्याच हातात दिली, याचं मला आजही मोल वाटतं.

त्या तुकड्याकडे जवळून बघितलं तर फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरट केलेलं टोक, संपतो तिथे नखाएवढी काळपट चीर आहे, केसाहून बारीक. नळी नखानं वाजवली तर टणटण वाजते. नवं तांबं असं वाजत नाही, त्याचा आवाज मेलेला, मऊ असतो. कारण त्यातच आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर सतत हलतं, डॅश हलत नाही. मधली सरळ नळी रोज हजारो वेळा त्याच एका जागी वाकते. तांबं वाकवत राहिलं की ते कडक होत जातं आणि कडक झालेलं तांबं शेवटी चिरतं. नळी जाड असली म्हणून ती वाचत नाही. उलट जाड नळी लवचीक नसते.

तेव्हा असं करा. ब्लॉक आणि डॅश यांच्यामध्ये नळीला दोन-तीन वेटोळी द्या, बांगडीएवढी. आधी नळी गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ होते. वेटोळ्यांच्या अलीकडे ती इंजिनला क्लिपनं बांधा, पलीकडे बॉडीला. क्लिपखाली रबर घाला. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काही वर्षं माझ्याकडे येऊन बसायचे. मोकळी लोंबणारी नळी दिसली की ते चहाचा कप खाली ठेवून उठायचे. दर फुटाला क्लिप, असा त्यांचा दंडक होता. तो मी आजपर्यंत मोडलेला नाही.

प्लास्टिकची नळी मी लावत नाही. एक्झॉस्टच्या जवळ ती मऊ पडते, आणि तुटायची तेव्हा गरम तेल तुमच्या पायावर घेऊन तुटते. त्यापेक्षा ब्लॉककडून फूटभर हायड्रॉलिकचा बारीक होज आणि पुढे डॅशपर्यंत ब्रेकची बंडी पाइप (बारीक पोलादी नळी), ही जोडणी सगळ्यांत निर्धास्त. बंडीला डबल फ्लेअर करून घ्या. सातपूर-अंबडला होज क्रिंप करून देणारे आहेत, लांबी आणि दोन्ही टोकांचे आटे सांगितले की समोर करून देतात. रेडिएटरचा पाण्याचा होज तेलाला वापरू नका, आतून फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

आणि नळी कसलीही असो, ब्लॉककडच्या निपलला बारीक भोक ठेवा. गेजला एवढंच तेल पुरतं. काटा थरथरत नाही आणि नळी तुटली तरी घाटात विचार करायला अवसर मिळतो. निफाडच्या डिसेंबरमधल्या पहाटे मात्र तेल दाट असतं, त्या बारीक वाटेनं काटा उठायला चार-पाच सेकंद जास्त घेईल. त्यानं घाबरू नका.

प्रश्न : फिल्टरच्या लाइनचं निपल कितीही आवळलं तरी पाझरतं. दोनदा टेफ्लॉन टेप गुंडाळली. आता आवळताना ब्लॉक तडकेल अशी भीती वाटते. (सिन्नर)

उत्तर : भीती खरी आहे, थांबा. निपल बाहेर काढा आणि आटे मोजा. माझा अंदाज असा की तुम्ही ते नळाच्या सामानाच्या दुकानातून आणलं आहे. आपल्याकडे प्लंबिंगला बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे, आटे चालतात. अमेरिकन इंजिनांना, म्हणजे जीपलाही, एनपीटी आटे असतात. एक सुताच्या निपलला एनपीटीत इंचाला २७ आटे, बीएसपीत २८. दोन सुताला १८ आणि १९. फरक एकाच आट्याचा असल्यानं सुरुवातीला ते बरोबर बसल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन वेढ्यांनंतर जाम होतं. आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. त्यामुळे आवळून आवळून ते कधीच पॅक होत नाही. ब्लॉकमधले आटे मात्र खराब होतात. ब्रिटिश गाड्यांत उलट अडचण येते, तिथे बीएसपीच्या जागी एनपीटी घुसवलेलं सापडतं. थ्रेड गेज लावा, नसेल तर गाडीतलंच जुनं निपल किंवा प्लग घेऊन दुकानात जा आणि आट्याला आटा लावून बघा. दोन्ही एकमेकांत प्रकाश न सोडता बसले पाहिजेत.

टेप काढून टाका. टेपचा एक धागा सुटून आत गेला तर तो त्या दीड मिलिमीटरच्या भोकासमोर जाऊन बसतो. तेलाला चालणारा सीलंट लावा, तोही पहिले दोन आटे कोरडे सोडून. टेपर आट्याला हातानं घट्ट, मग पान्ह्यानं एक ते दीड वेढा, एवढं पुरतं.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजोबांची जीप सुरू करतेय. तिला इलेक्ट्रिक गेज होतं, ते बंद आहे. गाडी मधे कधीतरी ६ व्होल्टची १२ व्होल्ट केलीय. मेकॅनिकल गेज लावू की इलेक्ट्रिकच दुरुस्त करू? (गंगापूर रोड)

उत्तर : मेकॅनिकल लाव. ६ व्होल्टच्या गेजला १२ व्होल्ट दिले तर आतली तापणारी तार जळते, तुझ्या गेजचं तेच झालं असणार. इलेक्ट्रिकमध्ये सेंडर (ब्लॉकवर बसणारा, प्रेशर मोजणारा भाग), वायर, अर्थिंग, गेज अशा चार ठिकाणी शंका घ्यावी लागते. सेंडरचं अर्थिंग त्याच्या आट्यांतून ब्लॉकला मिळतं, तिथे कुणी टेप गुंडाळली की आकडे चुकायला लागतात.

मेकॅनिकल गेज एकदा उघडून बघ, जुनं निकामी एखादं मिळालं तर. आत चपटी, गोल वळवलेली पितळी नळी असते, एक टोक बंद. जत्रेत फुंकर मारली की उलगडणारी कागदी पुंगी मिळते ना, तिचंच तत्त्व. तेलाचं प्रेशर आत शिरलं की नळी उलगडू बघते आणि तिचं बंद टोक एका लहान दातेरी पट्टीतून काटा फिरवतं. यूजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली याचं पेटंट घेतलं, आणि आजही तुझ्या कॉलेजच्या बॉयलरवर हेच गेज दिसेल. जुनं गेज वापरणार असशील तर आधी एखाद्या चांगल्या गेजच्या शेजारी टीवर लावून दोन्ही काटे ताडून बघ. सोबत प्रेशरचा दिवाही लावलास तरी हरकत नाही, पण भिस्त गेजवर ठेव. दिवा लागतो तोवर प्रेशर पाच-सात पौंडांपर्यंत खाली आलेलं असतं.

आजोबांना विचार, त्यांच्या वेळी काटा कुठे असायचा. चालवणाऱ्याला ते पाठ असतं, आणि तो आकडा तुझ्या सगळ्यांत कामाला येईल.

प्रश्न : विहिरीवर आजोबांनी घेतलेलं लिस्टर पद्धतीचं, राजकोटच्या बनावटीचं डिझेल इंजिन आहे. अजून चालतं. त्याला फिल्टर आणि गेज बसवता येईल का? (दिंडोरी)

उत्तर : तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून ते डिपरचं इंजिन आहे. बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, खाली पळीसारखा एक तुकडा असतो, तो दर फेरीला तेलात बुडतो आणि तेल उडवतो. त्या उडालेल्या तेलावर बेअरिंग, कॅम, सिलिंडर सगळं चालतं. मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या संथ इंजिनाला ते पुरतंही. पण यात तेलाला प्रेशरच नाही, तेव्हा गेज दाखवणार काय आणि फिल्टरमधून तेल ढकलणार कोण? वेगळा पंप, नळ्या असा घाट घालू नका.

त्याऐवजी तीन कामं मनापासून करा. पहिलं, तेलाची पातळी रोज बघा. डिपर तेलाला लागला नाही तर काही मिनिटांत बिग एंड जातो, आणि तिथे गेज नाही सांगायला. इंजिनाचा चौथरा एका बाजूला खचला असेल तर पातळीची खूणही फसवते, म्हणून स्पिरिट लेव्हल लावून चौथरा तपासा. दुसरं, तेल लवकर बदला, कारण गाळण्याची सोय नसल्यानं बदलणं हीच सफाई. तिसरं, तेल काढलंत की इंजिनाच्या दाराच्या फटीतून हात घालून तळ सुती फडक्यानं पुसून घ्या, धागे सुटणारा बोळा नको. या बनावटीच्या काही इंजिनांत कास्टिंगची वाळू वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेली मी माझ्या बोटांनी काढली आहे. तळाशी एक चांगलं चुंबक ठेवलंत तर लोखंडाची पूडही धरून ठेवेल.

प्रश्न : जीपला बऱ्याच वर्षांनी फिल्टर बसवला. नवीन मल्टिग्रेड तेल घालू का? आणि पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी? (नाशिकरोड)

उत्तर : वर्षानुवर्षं फिल्टरशिवाय आणि साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात तळाला गाळाचा थर असतो, काळ्या लोण्यासारखा. आजच्या तेलातलं डिटर्जंट तो सोडवतं, आणि सुटलेला गाळ पंपाच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसतो. म्हणून आधी चेंबर उतरवा, खरवडून धुवा. जीपमध्ये ती जाळी तेलावर तरंगणारी असते, तिचा सांधा मोकळा हलतोय ना ते बघा. मग खुशाल चांगलं तेल घाला, पण पहिलं तेल पाचशे किलोमीटरला बदला आणि काडतूसही त्याच वेळी.

या कामात पंपाला हात लावावा लागला तर आधी खुणा करा. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर पंपाच्या दांड्यावरूनच फिरतो, पंप एक दात चुकून बसला की टायमिंग गेलं.

सुरू करताना फिल्टरमध्ये आधीच तेल भरून घ्या. चारही स्पार्क प्लग काढा, म्हणजे बेअरिंगवर भार येत नाही. मग हँडल घाला, किंवा स्टार्टर दहा-दहा सेकंद मारत जा, मधे त्याला विश्रांती द्या. एकानं डॅशसमोर बसायचं आणि गेजवरून नजर काढायची नाही. सगळ्या सांध्यांवर दुसऱ्यानं हात फिरवून ओल लागतेय का बघायचं. काटा जागेवरून उठेपर्यंत प्लग परत लावू नका.